गीझरचं दुखणं नेमकं कुठे?

होळी झाली की बंद केलेला गीझर दिवाळीत, अभ्यंगस्नानाच्या पहाटे, पुन्हा चालू होतो आणि नेमका त्याच दिवशी पाणी तापवत नाही. तेल-उटणं मांडलेलं, मुलं कुडकुडत उभी, आणि मिस्त्रीला फोन लावला की पलीकडून न बघताच निदान येतं, ‘कॉइल गेली असणार.’ कॉइल बदलली जाते. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तीच तक्रार. मग थर्मोस्टॅट बदलला जातो आणि तिसऱ्या खेपेला ‘टाकीच गेली, आता नवाच घ्या’ असा सल्ला मिळतो. तोवर दुरुस्तीवरच बरेच पैसे गेलेले असतात.

वास्तविक गीझर हे घरातल्या साध्यात साध्या उपकरणांपैकी एक. त्यात फिरणारी मोटर नाही, कॉम्प्रेसर नाही. बिघडण्याच्या जागा मोजक्या आणि प्रत्येक बिघाडाची खूण वेगळी. ती ओळखता आली तर झाकण उघडण्याआधीच निम्मं निदान होतं. मात्र कोणता भाग गेला एवढं कळून भागत नाही, तो का गेला हेही शोधावं लागतं. हा दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून गीझरच्या दुरुस्तीत पैसे वाया जातात, आणि कधीकधी जीवही जातात.

आत असते १५ किंवा २५ लिटरची पोलादी टाकी. तिला आतून काचेचा मुलामा, बाहेरून फोमचं जाड वेष्टण आणि त्यावर पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं आवरण. टाकीच्या तळाला बोल्टांनी कसलेलं गोल झाकण, म्हणजे फ्लँज. त्या झाकणातूनच तापणारी कॉइल वर टाकीत गेलेली असते. तिच्या शेजारी थर्मोस्टॅटची नळी आणि मॅग्नेशियमची एक कांडी. थंड पाणी तळाशी येतं. गरम पाणी बाहेर नेणारा पाइप मात्र आतल्या आत टाकीच्या वरच्या टोकापर्यंत पोचलेला असतो. नळ उघडला की खालून शिरणारं थंड पाणी वरच्या गरम पाण्याला त्या पाइपात ढकलतं. खालून पाणी आलं नाही तर नळाला गरम पाणीही येत नाही. त्यामुळे नळ कितीही वेळ उघडा राहिला तरी टाकी रिकामी होत नाही आणि कॉइल कायम पाण्यात बुडालेली राहते.

कॉइल बुडालेली असणं का महत्त्वाचं, हे तांब्याचा बंब वापरलेल्या पिढीला सांगावं लागत नसे. पुण्याच्या तांबट आळीत ठोकून घडवलेल्या बंबांत मधोमध विस्तवाची नळी आणि तिच्याभोवती पाणी असे. घरातला दंडक एकच : आधी पाणी, मग विस्तव. कुणी घाईत कोरड्या बंबात पेटती चिपाडं टाकली की सांध्याचा डाख वितळून बंब गळायला लागे आणि तो घेऊन तांबटाचं दार गाठावं लागे. विजेच्या गीझरमध्ये डाखाचा प्रश्न नाही, पण दंडक तोच आहे. पाण्याबाहेर राहिलेली दोन किलोवॅटची कॉइल पाहता पाहता लाल होते आणि आतली तार तुटते.

मग टाकी भरलेलीच राहत असेल तर कॉइल कोरडी पडते कशी? सोलापूर किंवा छत्रपती संभाजीनगरसारख्या, नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरांत याचं उत्तर गच्चीवर सापडतं. गच्चीवरची टाकी रिकामी होते, खालच्या मजल्यावर कुणीतरी नळ उघडतं आणि वरच्या गीझरमधलं पाणी आलं त्याच वाटेने उलटं खाली ओढलं जातं. हे होऊ नये म्हणून थंड पाण्याच्या तोंडाशी पितळी व्हॉल्व्ह बसवलेला असतो. तो पाणी मागे जाऊ देत नाही आणि दाब फार वाढला तर थोडं पाणी बाहेर सोडतो. त्याच्या आतलं रबर किंवा स्प्रिंग क्षारांनी आखडली की गीझर रिकामा होतो, आणि बटण दाबणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. अशा घरात दर दोन वर्षांनी कॉइल जळत असेल तर दोष कॉइल बनवणाऱ्याचा नाही, त्या व्हॉल्व्हचा आहे. नवी कॉइल घालताना तोही बदलायला हवा. आणि पाणी जाऊन परत आलेलं असेल त्या दिवशी गीझर लावण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडून सलग, हवा न फुरफुरता धार येते का ते पाहावं. एवढ्या एका सवयीने अनेक कॉइली वाचतात.

निदानाला सुरुवात करण्याआधी दोन-तीन आकडे हाताशी असले की काम सोपं होतं. घरगुती साठवणीचा गीझर बहुधा २००० वॅटचा असतो. २३० व्होल्टला तो साधारण ८.७ अँपियर वीज घेतो. २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण अर्धा तास आणि जेमतेम एक युनिट वीज लागते. १५ लिटरचा गीझर २० अंशांवरून ६० अंशांवर एकवीस-बावीस मिनिटांत पोचतो. हे गणित साधं असलं तरी तक्रार खरी की भासमान हे ते लगेच सांगतं. ‘तापायला फार वेळ लागतो’ असं वाटत असेल तर घड्याळ लावून बघावं. अर्ध्या तासाच्या जागी पाऊण तास, पन्नास मिनिटं लागत असतील तर गीझर उघडण्याआधी घरातला व्होल्टेज मोजावा. व्होल्टेज २३० वरून १८० वर आला तर कॉइलची ताकद २००० वॅटवरून सुमारे सव्वाबाराशे वॅटवर येते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. गावाकडे, लाइनच्या शेवटच्या टोकाला असलेल्या घरांत ही नेहमीची गोष्ट आहे. तिथे कॉइल बदलून काहीही होणार नाही.

पाणी अजिबातच तापत नसेल तर आधी दिवे बघावेत. बऱ्याच गीझरवर दोन दिवे असतात : एक वीज आल्याचा, दुसरा कॉइल चालू असल्याचा. दोन्ही बंद असतील तर दोष बहुधा गीझरच्या बाहेर आहे, एमसीबीत, स्विचमध्ये किंवा प्लगमध्ये. वीज आल्याचा दिवा आहे, पण पाणी थंड असूनही दुसरा दिवा लागत नाही, तर थर्मोस्टॅटने किंवा त्याच्या जोडीच्या कटआउटने वाट अडवली आहे. दोन्ही दिवे तासभर चालू आणि पाणी थंडच, असं असेल तर वीज कॉइलपर्यंत पोचते आहे पण कॉइल ती घेत नाही. तेव्हा आणि तेव्हाच ‘कॉइल गेली’ हे म्हणणं पटण्यासारखं आहे.

यातली प्लगची जागा सर्वांत दुर्लक्षित आणि मिस्त्रीला बोलावण्याआधी घरच्यांना सहज तपासता येणारी. गीझर सोळा अँपियरच्या सॉकेटवरच हवा. त्या सॉकेटमधल्या पितळी पट्ट्या वर्षानुवर्षं तापून-निवून सैल होतात. पिन आणि पट्टीच्या सांध्यात अर्धा ओहम एवढा किरकोळ अडथळा निर्माण झाला, तरी ८.७ अँपियरला त्या एका ठिपक्यावर जवळजवळ ३८ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगच्या साध्या लोखंडाला २५ वॅट पुरतात! प्लग आधी कोमट लागतो, मग पिनभोवतीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी होतं, जळकट वास येतो आणि एक दिवस पिन सॉकेटमध्येच चिकटून बसते. त्यामुळे पाणी तापल्यावर गीझर बंद करून प्लगला हात लावून पाहावा. हाताला चटका बसण्याइतका तापला असेल तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदलावीत. एकच बदललं तर जुनं नव्यालाही जाळतं.

याच्या पुढचं काम आवरणाच्या आत आहे. इथे आधी एमसीबी खाली पाडायची, भिंतीवरचं बटण बंद करून चालत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण कधीकधी न्यूट्रलच्या तारेवर असतं. बटण बंद दिसतं आणि कॉइलच्या टोकाला वीज जिवंतच असते. एमसीबी पाडल्यावरही टेस्टर लावून खात्री करावी. ज्याला टेस्टर आणि मल्टिमीटर वापरायची सवय नाही त्याने इथेच थांबून जाणत्या माणसाला बोलवावं. मात्र तो काय करतो ते उभं राहून पाहावं.

जाणता माणूस काय करतो? तळाचं आवरण काढून आधी नाकाने आणि डोळ्यांनी तपासणी करतो : कुठे काळपटलेली तार, वितळलेलं वेष्टण, हिरवा गंज चढलेलं टोक दिसतं का. मग कॉइलच्या दोन्ही तारा सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावतो. २००० वॅटची कॉइल धड असेल तर २६ ओहमच्या आसपास आकडा यायला हवा. ३००० वॅटच्या छोट्या इन्स्टंट गीझरची असेल तर १७-१८. आकडाच आला नाही तर आतली तार तुटली आहे. तो बरोबर आला तर कॉइलला हात लावायचं कारण नाही. त्यानंतर एक टोक कॉइलला आणि दुसरं टाकीच्या उघड्या धातूला. इथे आकडा येता कामा नये. आला, तर कॉइलच्या नळीला बारीक भोक पडून पाणी आत शिरलं आहे आणि वीज टाकीत उतरते आहे. कॉइल म्हणजे नुसती तार नसते. नायक्रोमची तार मध्ये, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची घट्ट दाबलेली पूड आणि त्यावर धातूची नळी अशी तिची रचना असते. ती पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. पण ओलावा लागला की तिचा हा गुण जातो. कधी गळती इतकी सूक्ष्म असते की मल्टिमीटरला दिसत नाही. त्यासाठी पाचशे व्होल्टचा मेगर लागतो.

नळाला हात लावल्यावर मुंग्या येणं किंवा गीझर लावताच आरसीसीबी पडणं हे याच बिघाडाचं लक्षण. तीस मिलिअँपियरची आरसीसीबी अशी गळती झाली की क्षणार्धात वीज तोडते. ती पडते म्हणून तिला वगळून जोडणी करणं हा गुन्हाच मानायला हवा. आणि ज्या घरात आरसीसीबी नाही, अर्थिंगची तार नुसती नावाला सॉकेटमागे लोंबते आहे, तिथे नवा गीझर आणण्याच्या आधी हे दोन खर्च करावेत.

आता थर्मोस्टॅट. साठवणीच्या अनेक गीझरमध्ये तो एका पितळी नळीच्या रूपात असतो आणि त्या नळीत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची कांडी असते. पाणी तापलं की पितळ वाढतं, इन्व्हार जवळजवळ वाढत नाही. २५ सेंटिमीटर लांबीच्या नळीत चाळीस अंशांच्या फरकाने पडणारं हे अंतर मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढं. तेवढ्याने आतला खटका उघडतो आणि वीज तुटते. हा धातू शोधणाऱ्या शार्ल गियोम या स्विस शास्त्रज्ञाला १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांचं काम मोजमापांच्या अचूकतेसाठी होतं. आज ते न्हाणीघरातल्या भिंतीवर रोज सकाळी उपयोगी पडतं.

थर्मोस्टॅटचे खटके हजारो वेळा उघडझाप करून ठिणग्यांनी झिजतात. कधी ते काजळून वीज जाऊ देत नाहीत, तेव्हा पाणी थंड राहतं. कधी उलटं होतं : खटके एकमेकांना चिकटतात आणि वीज तुटतच नाही. पाणी उकळीपर्यंत जातं. या दुसऱ्या प्रसंगासाठीच वेगळा कटआउट दिलेला असतो. तापमान थर्मोस्टॅटच्या मर्यादेच्या बरंच पुढे गेलं की तो वीज तोडतो आणि, हे महत्त्वाचं, आपोआप पुन्हा जोडत नाही. त्याचं लहानसं बटण हाताने दाबावं लागतं. बटण ‘टक्’ करून आत बसतं, दिवा लागतो, पाणी तापतं, सगळे खूश. पण तो कटआउट का पडला होता? एकदा पडला तर थर्मोस्टॅट जाग्यावर नीट बसलेला आहे का, पाणी कमी होतं का, कॉइलवर क्षार चढलेत का हे बघावं. दुसऱ्यांदा पडला तर थर्मोस्टॅट बदलावा.

इथेच दुरुस्तीतला सर्वांत वाईट प्रकार घडतो. नवा कटआउट हाताशी नसतो, गिऱ्हाइकाला घाई असते, आणि तारेचा एक तुकडा टाकून कटआउट ‘डायरेक्ट’ केला जातो. गीझर चालतो, अगदी झकास चालतो. आणि आता त्या टाकीला उकळण्यापासून रोखणारा फक्त एक जुना थर्मोस्टॅट उरलेला असतो. तो चिकटला आणि दाब सोडणारा व्हॉल्व्हही क्षारांनी आखडलेला असला तर पुढचं काम भौतिकशास्त्र करतं. बंद टाकीतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही. आठ बार दाबाखाली ते पावणेदोनशे अंशांपर्यंत द्रवच राहतं. टाकी फाटली की दाब एकदम उतरतो आणि त्या पाण्याच्या काही भागाची एका क्षणात वाफ होते. वाफेला पाण्याच्या सोळाशेपट जागा लागते.

ही कागदावरची भीती नाही. १९ जानेवारी १९८२ रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, स्पेन्सर इथल्या स्टार एलिमेंटरी शाळेत, जेवणाच्या खोलीलगतची पाणी तापवण्याची टाकी अशीच फुटली. तापमान रोखणारी यंत्रणा निकामी झाली होती आणि सेफ्टी व्हॉल्व्हही काम करण्याच्या स्थितीत नव्हता. जेवायला बसलेली सहा मुलं आणि एक शिक्षिका गेली, तीसहून अधिक जण जखमी झाले. ती टाकी गॅसवरची आणि घरगुती गीझरपेक्षा कितीतरी मोठी होती, पण एकामागोमाग एक संरक्षणं निकामी होण्याचा क्रम तोच. म्हणून ‘तात्पुरतं डायरेक्ट करून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला ठामपणे नाही म्हणावं आणि दोन दिवस चुलीवर किंवा गॅसवर पाणी तापवावं.

महाराष्ट्रात गीझरचा खरा शत्रू मात्र पाणी. दख्खनच्या काळ्या पाषाणात खोल गेलेल्या बोअरचं पाणी बहुधा जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांनी भरलेलं. उन्हाळ्यात सोसायटीत टँकर येतात ते पाणीही बऱ्याचदा असंच. थंड असताना हे क्षार विरघळलेले असतात, दिसत नाहीत. पाणी तापलं की बायकार्बोनेटचं विघटन होऊन कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं आणि सर्वांत गरम जागी, कॉइलवर, बसतं. साठ अंशांच्या वर हे फार झपाट्याने होतं. बोअरच्या पाण्यावर तीन-चार वर्षं चाललेल्या गीझरचं तळाचं झाकण उतरवलं तर आधी गढूळ पांढरं पाणी येतं, मग करंजीच्या पापुद्र्यांसारखे ठिसूळ तुकडे परातीत पडतात. कॉइल ओळखू येत नाही. बोटभर जाडीचा खडबडीत पांढरा थर नखाने खरवडला की खाली काळवंडलेला धातू लागतो.

या थराने वीजबिल खूप वाढतं असा सर्रास समज आहे. पाण्यात बुडालेल्या कॉइलच्या बाबतीत तो फारसा खरा नाही. थर कितीही जाड असला तरी कॉइलच्या उष्णतेला पाण्याखेरीज जायला दुसरी वाट नाही. नुकसान होतं ते कॉइलचंच. थरातून उष्णता बाहेर ढकलायला तिला स्वतः फार जास्त तापावं लागतं. तिची नळी तडकते, आतली तार लवकर तुटते. थराखाली अडकलेलं पाणी उकळून फुटतं, तोच गीझरमधून येणारा खडखड, घरघर आवाज. हा आवाज म्हणजे कॉइल जाण्याच्या किती तरी आधी मिळालेली सूचना असते आणि त्या वेळी सफाई केली तर नवा भाग लागत नाही.

सफाईची रीत अशी. वीज आणि पाणी बंद करायचं, गीझर गार होऊ द्यायचा, टाकी रिती करायची, झाकण कॉइलसकट उतरवायचं. कॉइल लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात काही तास बुडवून ठेवायची. बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. ते थांबले की द्रावण संपलं किंवा थर तरी संपला. स्क्रूड्रायव्हरने खरवडणं आणि संडास धुण्याचं तीव्र ॲसिड ओतणं, दोन्ही टाळावं. दोन्हींनी क्षार जातात आणि कॉइलची नळीही जाते. बसवताना झाकणाखालची रबरी गॅस्केट नवीच घालावी आणि बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे कसावेत. जुनी गॅस्केट वाचवण्याच्या नादात पुढच्या आठवड्यात त्याच जागेतून पाणी टपकतं. वीज जोडायची ती टाकी भरून नळाला धार आल्यावरच.

झाकण उघडलं आहे तर मॅग्नेशियमची कांडी पाहावीच. तिच्याइतका उपेक्षित भाग गीझरमध्ये दुसरा नाही. काचेच्या मुलाम्याला कुठे ना कुठे बारीक तडे असतात आणि तिथे पोलाद पाण्याला उघडं पडतं. मॅग्नेशियम पोलादापेक्षा आधी गंजतं, स्वतः विरघळत जातं आणि तोवर टाकी शाबूत राहते. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमाराच्या तांबं मढवलेल्या जहाजांना लोखंड-जस्ताचे तुकडे जोडून हेच तत्त्व दाखवलं होतं. जड, खारट पाण्यात ही कांडी दीड-दोन वर्षांत सळईएवढी बारीक होते. काही शे रुपयांची ती कांडी वेळेवर बदलली नाही की गंज टाकीवर जातो. गरम नळाला तांबूस पाणी येऊ लागलं आणि थंड नळाला स्वच्छ असेल, तर हीच शंका घ्यावी. क्वचित बोअरच्या पाण्यात गरम नळाला सडक्या अंड्याचा वास येतो. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जीवाणू आणि मॅग्नेशियम यांचा तो खेळ. ॲल्युमिनियम-जस्ताची कांडी घातली की बहुतेक वेळा तो जातो.

गळतीचं निदान सोपं आहे, फक्त थेंब कुठून निघतो ते बघायचा धीर हवा. पाणी तापत असताना व्हॉल्व्हच्या बारीक नळीतून थोडं टपकणं हा बिघाड नाही. वीसवरून साठ अंशांवर जाताना पाणी दीड टक्का फुगतं. २५ लिटरच्या टाकीत ते पावणेचारशे मिलिलिटर होतं आणि ते कुठेतरी जायलाच हवं. ती नळी एम-सील लावून बुजवणारे लोक आहेत. त्यांनी शाळेची वरची हकीकत पुन्हा वाचावी. व्हॉल्व्ह चोवीस तास गळत असेल तर तो झिजला आहे किंवा इमारतीत पाण्याचा दाब जास्त आहे. दर दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब वाढतो, त्यामुळे उंच टॉवरच्या खालच्या मजल्यांवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह लागतोच. झाकणाच्या कडेने गळत असेल तर गॅस्केट. आणि आवरणाच्या आत, फोममधून, कुठून ते न समजता पाणी झिरपत असेल तर टाकीला भोक पडलं आहे. त्यावर वेल्डिंग टिकत नाही, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आतला मुलामा उडतो. तिथे नवा गीझर घेण्याचा सल्ला योग्य आहे.

तापमान किती ठेवावं? क्षारांचा विचार केला तर ५० अंश बरे, पण फार कोमट पाणी साठवून ठेवणंही बरं नाही. १९७६ साली फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात माजी सैनिकांच्या मेळाव्यात न्यूमोनियाची साथ आली आणि त्यातून लिजिओनेला या जीवाणूचा शोध लागला. तो साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो, साठ अंशांना काही मिनिटांत मरतो. उलट साठ अंशांचं पाणी अंगावर पडलं तर काही सेकंदांत भाजतं. म्हणून टाकी ५५-६० अंशांवर, आणि लहान मुलं किंवा म्हातारी माणसं असतील तिथे आधी बादलीत थंड पाणी, मग गरम.

राहिला गॅस गीझर. त्याचे बिघाड सोपे असतात. ठिणगी पडत नसेल तर आधी सेल बदलावेत. ठिणगी पडूनही ज्योत धरत नसेल तर सिलिंडर आणि पाण्याचा दाब बघावा, कारण पाण्याच्या जोरानेच आतला रबरी पडदा सरकून गॅसची वाट उघडते. जाळीत कचरा किंवा पडद्याला भोक असेल तर ज्योत लागत नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी, वर काजळी असेल तर बर्नर साफ करून घ्यावा.

पण त्याच्या सर्वांत घातक दोषाला दुरुस्ती नाही. तो दोष जागेचा आहे. १८६८ साली लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी पहिला गॅसवरचा गीझर केला तेव्हा त्याला जळालेला वायू बाहेर नेणारी नळीच नव्हती. दीडशे वर्षांनंतर आपल्याकडच्या अनेक बाथरूममध्ये तीच स्थिती आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गॅस गीझर दहा मिनिटांत सुमारे दोन घनमीटर हवेतला ऑक्सिजन संपवतो. चार बाय सहा फुटांच्या, आठ फूट उंच बाथरूममध्ये मिळून हवाच असते साडेपाच घनमीटर, आणि थंडीत खिडकी घट्ट लावलेली. ऑक्सिजन कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, पाय गळतात आणि दाराची कडी काढण्याइतकीही ताकद उरत नाही. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत अशा मृत्यूंच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि त्यातले बहुतेक गीझर बिघडलेले नसतात.

त्यामुळे गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल तर आजच तो मोकळ्या हवेच्या बाल्कनीत किंवा उघड्या डक्टकडे हलवायची व्यवस्था करा आणि गरम पाणी पाइपने आत आणा. तोवर तो आत असताना दार-खिडकी लावून अंघोळ करू नका. बादली भरा, गीझर बंद करा, हवा खेळू द्या, मग अंघोळीला बसा. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नसेल तर वाट पाहू नका. दार तोडा, गॅस बंद करा, त्या माणसाला उघड्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे आवर्जून सांगा, कारण ते कळलं की ऑक्सिजनचे उपचार लगेच सुरू करता येतात.